नाशिकमध्ये दोन वर्षांचं व्यवस्थापन शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की एमबीएची चौकशी करायला विद्यार्थी येऊ लागतात. काहींचं ठरलेलं असतं, काहींना घरच्यांनी धाडलेलं असतं. हे पान दोघांसाठी आहे, सोबत आलेल्या आईवडिलांसाठीही. मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे माझी मतं इथे दिसतीलच. पण नियम कुठला आणि माझं मत कुठलं, हे कळेल असं लिहिलं आहे.

एमबीए, एमएमएस आणि पीजीडीएम यांत फरक काय?

तिन्ही अभ्यासक्रम पदवीनंतरचे आणि दोन वर्षांचे. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्यामुळे इथल्या संलग्न महाविद्यालयांत पुणे विद्यापीठाची एमबीए पदवी मिळते. त्याच पातळीच्या अभ्यासक्रमाला मुंबई विद्यापीठ एमएमएस म्हणतं. पीजीडीएम ही पदविका आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, मान्यतेने ती संस्था स्वतः देते, तिच्यावर विद्यापीठाचं नाव नसतं. नोकरीच्या बाजारात चांगल्या संस्थेच्या पीजीडीएमला कुणी कमी लेखत नाही. पुढे सरकारी भरती किंवा पीएचडीचा विचार असेल तर मात्र त्या पदविकेला एमबीएची समकक्षता आहे का, हे आधी विचारून घ्या.

तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात एमबीए कसं? तिथे तर इंजिनिअरिंग असतं ना?

व्यवस्थापन हा अभ्यासक्रमही राज्यात तंत्रशिक्षण विभागाच्याच अखत्यारीत येतो. म्हणून के. के. वाघसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एमबीएचा विभाग असतो आणि आडगावच्या मेट भुजबळ नॉलेज सिटीसारख्या संकुलात इंजिनिअरिंग, फार्मसी आणि व्यवस्थापन एकाच आवारात भेटतं. मराठा विद्या प्रसारक समाजाची आयएमआरटी आणि गोखले एज्युकेशन सोसायटीचं जेडीसी बिटको या निव्वळ व्यवस्थापनासाठी उभ्या केलेल्या संस्था आहेत. सिडकोतल्या सिंबायोसिसच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंट संस्थेची गोष्ट निराळी. ते अभिमत विद्यापीठ, तिथे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, चालत नाही, स्नॅप ही त्यांची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

इंजिनिअरिंगच्या आवारात शिकण्याचा एक फायदा मला नेहमी जाणवतो. वर्कशॉप शेजारीच असतं. उत्पादन व्यवस्थापन शिकताना लेथ पाहिलेलाच नाही, अशी वेळ येत नाही.

मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आहे. थेट एमबीएला प्रवेश मिळेल?

नाही. किमान तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदवी लागते. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा पदवी धरला जात नाही. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जा, किंवा नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घ्या आणि मग या.

पदवीला किती टक्के हवेत? मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना, आर्थिक दुर्बल घटकांना आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के. शाखा कोणतीही चालते: बीए, बीकॉम, बीएस्सी कृषी, बीफार्म, बीई. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही परीक्षेला बसू शकतात. मुक्त विद्यापीठाची पदवी ग्राह्य आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय तर आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. १९८९ साली ते स्थापन झालं आणि तिथून पदवी घेतलेली, नोकरी करत शिकलेली कितीतरी मुलं पुढे एमबीएला येतात. वर्गात सगळ्यात नेमके प्रश्न बहुधा तीच विचारतात.

सीईटी कशी असते? कोचिंग लावावं लागतं का?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा संगणकावर घेतो. २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. तार्किक क्षमतेचे ७५ प्रश्न, आकृत्यांवरचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडून उठू नका. प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, ९० टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत असा त्याचा अर्थ. घरोघरी हा घोळ होतो आणि मुलाला उगीच बोलणी बसतात.

कोचिंगबद्दल माझं मत असं: गणिताची भीती मुरलेली असेल तर क्लास लावा. नसेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं पुरतं. एका प्रश्नाला पाऊण मिनिटच मिळतं, तेव्हा सराव वेगाचा हवा. कॅट, सीमॅट, मॅट यांसारख्या परीक्षांचे गुणही प्रवेशासाठी धरले जातात. पण महाराष्ट्रातल्या मुलाने सीईटी चुकवू नये.

कॅप म्हणजे काय, आणि विकल्प कसे भरायचे?

कॅप ही केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, मग विकल्प अर्ज, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी, आणि फेऱ्या असा तिचा क्रम. तंत्रशिक्षणाच्या नाशिक विभागातल्या संस्थांचे क्रमांक ५ ने (पाच आकडी क्रमांकात ०५ ने) सुरू होतात. यादीत नाशिकसोबत अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबारची कॉलेजंही त्याच आकड्याखाली दिसतील, तेव्हा नाव आणि गाव दोन्ही वाचा.

विकल्प मनापासूनच्या पसंतीने लावा. ‘इथे मिळणारच नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका, वर ठेवल्याने काही बिघडत नाही. आणि जिथे जायचंच नाही ते नाव नुसती यादी लांबवायला घालू नका. मागच्या वर्षीचे कटऑफ कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या प्रवर्गाचा रकाना पाहा, वरवरचा खुला आकडा पाहून धीर सोडू नका.

चांगलं कॉलेज ओळखायचं कसं?

एआयसीटीईची चालू वर्षाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता या दोन गोष्टी आधी. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, श्रेणी पाहा. मग प्रत्यक्ष जा, आणि सुट्टीच्या दिवशी नको, वर्ग भरलेले असताना जा.

ग्रंथालयात शिरा आणि मुलं तिथे बसलेली आहेत का ते पाहा. पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि बाहेरून तासांपुरते येणारे किती, हे विचारा. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा, ऑफिसपासून लांब, कॅन्टीनजवळ. त्यांना एवढंच विचारा: ‘तुझी इंटर्नशिप कुठे झाली आणि तू तिथे रोज काय करत होतास?’ उत्तर देताना मूल रंगून बोलायला लागलं तर कॉलेज शिकवतं आहे. ‘सर्टिफिकेट मिळालं’ एवढंच बोलून गप्प झालं तर इमारत कितीही काचेची असो, तुम्ही विचार करा.

पालक बसची सोय विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. आडगाव किंवा त्र्यंबक रस्त्यावरच्या संकुलात जायला सिन्नर-निफाडहून येणाऱ्या मुलाचे रोज तीन-चार तास जाऊ शकतात. अशा मुलाने पहिल्या वर्षी तरी शहरात राहावं, असं मला वाटतं.

फी किती असते? सवलत मिळते का?

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक संस्थेचा मंजूर आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथे जुळवून पाहा. वसतिगृह, मेस, बस आणि वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच्यापलीकडचा.

सवलतींचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माहिती नसल्याने हक्काचे पैसे सोडलेली घरं मी पाहिली आहेत.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचं निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, लागू होते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठी गोष्ट घडली. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ झालं. ‘मुलीच्या शिक्षणावर आणखी दोन वर्षं खर्च कशाला’ म्हणणाऱ्या घरात हा शासन निर्णय छापून न्यावा, इतका तो मोलाचा आहे.

यात एक अट विसरू नका. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या, म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला या सवलती मिळत नाहीत. ‘फेऱ्यांची वाट कशाला बघता, आताच सीट बुक करा’ असं कुणी म्हणालं तर हा हिशेब करूनच उत्तर द्या. अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा असतो आणि दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. नूतनीकरण राहिल्यामुळे दुसऱ्या वर्षी पूर्ण फी भरावी लागलेली मुलं दर बॅचमध्ये असतात.

शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे मालमत्ता तारण लागत नाही. शेत गहाण ठेवायला निघण्याआधी बँकेत हे विचारा.

कागदपत्रं कोणती तयार ठेवू?

अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमिलेअर. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात दिवाळीपूर्वीच अर्ज टाका.

दोन वर्षांत शिकवतात तरी काय?

चार सत्रं असतात. सुरुवातीला सगळ्यांना सारखं: हिशेब, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, माणसांचं वर्तन, मार्केटिंग, वित्त, मनुष्यबळ, उत्पादन, संशोधन पद्धती. त्यानंतर स्पेशलायझेशन. प्रत्येक विषयात वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन आणि विद्यापीठाची परीक्षा, दोन्हींना वजन असतं. आदल्या रात्री गाईड वाचून निम्मे गुणच हाती लागतात.

‘हे सगळं पुस्तकी असतं’ अशी तक्रार ऐकू येते. एक उदाहरण देतो. समजा गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल टाकायचं आहे. भाडं, पगार, विजेचं किमान बिल मिळून महिन्याला ६०,००० रुपये ठरलेले, मिसळ विका किंवा नका विकू. प्लेट ९० रुपयांची, त्यातले ५० मटकी, फरसाण, पाव, तेल आणि गॅसवर जातात. म्हणजे प्लेटमागे ४० रुपये उरतात. ६०,००० भागिले ४०, म्हणजे महिन्याला १,५०० प्लेट, दिवसाला ५० गेल्या तर ना नफा ना तोटा. पावाचा भाव वाढून खर्च ५५ वर गेला की उरतात ३५, आणि तोच आकडा दिवसाला ५७-५८ वर जातो. हे गणित पहिल्याच सत्रात शिकवतात. हॉटेल काढण्याआधी ते मांडणारे फार थोडे.

व्यवसायाच्या पर्यावरणाचा, म्हणजे धंद्यावर परिणाम करणाऱ्या बाहेरच्या परिस्थितीचा, अभ्यास शिकवायला तर कांद्याच्या लासलगावसारखी जागा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली, शुल्क पुढे २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. चाळीत कांदा साठवलेला शेतकरी, बंदरावर कंटेनर अडकलेला निर्यातदार आणि शहरातलं गिऱ्हाईक, प्रत्येकाला त्या एकेका निर्णयाचा अर्थ वेगळा लागला. वर्गात हा विषय निघाला की निफाड-येवल्याची मुलं हात वर करतात आणि शिक्षकाला थांबून ऐकावं लागतं.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. पहिलं सत्र जड जातं, हे खरं. रोज एक पान इंग्रजी व्यापारविषयक बातमी मोठ्याने वाचा आणि तिचा सारांश आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहा. विषय मराठीत नीट कळला असेल तर इंग्रजी मागाहून येतं. नुसतं इंग्रजी घोकून विषय येत नाही.

स्पेशलायझेशन कोणतं घेऊ? ‘स्कोप’ कशाला आहे?

मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्स हे मुख्य. मित्राने घेतलं म्हणून फायनान्स घेणाऱ्यांची संख्या मोठी असते.

नाशिकचा विचार केला तर ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनकडे मुलांचं जेवढं लक्ष जायला हवं तेवढं जात नाही, असं माझं ठाम मत आहे. सातपूर-अंबडमध्ये महिंद्रा, बॉश, सिएटसारखे मोठे कारखाने आहेत. त्यांच्याभोवती शेकडो छोटे व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, आहेत, जे रोज ठरल्या वेळी ठरलेले नग पोहोचवतात. एक ट्रक उशिरा गेला तर पुढची लाईन थांबते. स्टोअर, डिस्पॅच, प्रॉडक्शन प्लॅनिंग, क्वालिटी या कामांत विचार करणारी माणसं सतत लागतात. बीई किंवा बीएस्सी करून आलेल्यांनी हा पर्याय आधी पाहावा.

दुसरी बाजू शेतीमालाची. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांची साखळी म्हणजे बाग, पॅकहाऊस, प्री-कूलिंग, कंटेनर, बंदर आणि परदेशातला सुपरमार्केट. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली आणि त्या हंगामात बागायतदार अक्षरशः होरपळले. माल उत्तम होता, पण तिकडच्या नियमांची खबर वेळेत इकडे पोहोचली नव्हती. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आज गुणवत्ता, निर्यात आणि प्रक्रिया एका छताखाली सांभाळते, ती पाहिली की कृषी पदवीनंतर एमबीए करण्याचं कारण वेगळं समजावावं लागत नाही. एचआर घेणाऱ्यांनी कामगार कायदे मनापासून शिकावेत. औद्योगिक गावात नुसतं गोड बोलणं पुरत नाही.

इंटर्नशिप कशी मिळवायची? कॉलेज देतं का?

पहिलं वर्ष संपल्यावर साधारण दोन महिन्यांची समर इंटर्नशिप असते. माझ्या लेखी दोन वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा काळ आहे. कॉलेज पत्र देतं, काही ओळखी देतं. दारं तुम्हालाच ठोठवायची असतात.

जानेवारीत सुरुवात करा. सातपूरची निमा आणि अंबडची आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना जा, लहान उद्योजकांशी बोला. मोठ्या कंपनीचं नाव छान दिसतं, पण तिथे इंटर्नला अनेकदा एकाच टेबलावर एकच एक्सेल भरायला मिळतं. पंचवीस-तीस कामगारांच्या शॉपमध्ये मालक स्वतः तुमच्याशी बोलतो आणि खरेदीपासून वसुलीपर्यंत सगळं डोळ्यांसमोर चालतं.

‘काहीतरी प्रोजेक्ट द्या सर’ असं म्हणू नका. एक प्रश्न घेऊन जा. स्टोअरमधला कोणता माल सहा महिने हललेला नाही आणि त्यात किती पैसा अडकला आहे? रिजेक्शन रात्रपाळीत जास्त आहे का, आणि असेल तर का? पॅकहाऊसमध्ये एका पेटीमागे मजुरी किती पडते? रुग्णालयाच्या ओपीडीत पेशंट नेमका कुठल्या खिडकीपाशी अडकतो? २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतला छोटा दुकानदार मालाची तयारी कशी करतो आहे? असा प्रश्न ऐकला की मालक खुर्ची पुढे ओढतो.

आणि तयार रिपोर्ट विकत घेऊ नका. बायंडिंगच्या दुकानांत असे रिपोर्ट मिळतात, कंपनीचं नाव बदलून. गुणही कदाचित मिळतील. पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंटर्नशिपवर येतो, आणि दोन मिनिटांत समोरच्याला कळतं. त्या मुलाचा पडलेला चेहरा बघवत नाही, कारण त्याला बुद्धी असते, त्याने फक्त ते दोन महिने घालवलेले असतात.

प्लेसमेंट १०० टक्के असते का?

जाहिरातीत असते. तुम्ही विचारायचं ते असं: बॅचमध्ये मुलं किती, त्यांतली मुलाखतीला पात्र किती, नोकरी मिळाली किती जणांना, आणि पगार क्रमाने लावले तर बरोबर मधल्या मुलाचा पगार किती. सर्वाधिक पॅकेज एकाचंच असतं. कामाचं स्वरूपही विचारा. विमा किंवा कर्जविक्रीची फिरती नोकरी वाईट नाही, पण ती तशी आहे हे आधी माहीत असावं.

पुण्याला गेलेलं बरं नाही का?

पुण्यातल्या अव्वल संस्थेत मिळत असेल तर जरूर जा. पण ‘पुणे’ या नावासाठी मधल्या फळीतल्या कॉलेजात जाऊन खोलीभाडं आणि मेसवर कर्ज वाढवण्यात मला शहाणपण दिसत नाही. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच.

घरचा धंदा आहे. मुलाला एमबीए कशाला?

दुकान चालवणं तुम्ही त्याला शिकवालच. रोख किती फिरते, उधारी किती दिवसांनी येते, कोणता माल नफा देतो आणि कोणता नुसती जागा अडवतो, हे आकड्यांत मांडायला तो इथे शिकेल. तुमच्याच दुकानाचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब त्याला पहिल्या सत्रात अभ्यासाला द्या. मात्र त्याने काही सुचवलं तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा. वडिलांनी एकदाही ऐकलं नाही म्हणून बंगळुरूला नोकरी धरलेली गुणी मुलं मला माहीत आहेत.

नोकरी सोडणं शक्य नाही. काही मार्ग?

मुक्त विद्यापीठाचा एमबीए आहे. दूरशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या वर्षीची मान्यता आहे ना, तेवढं पाहा. मित्रांशी रोज वाद घालत शिकणं तिथे होत नाही, ते तुम्हाला कामाच्या जागी शोधावं लागेल.

प्रवेश घेतला आणि नंतर रद्द करायचा झाला तर पैसे बुडतात का?

प्रवेशाच्या अंतिम मुदतीआधी रद्द केलात तर प्रक्रिया शुल्काचे जास्तीत जास्त १,००० रुपये वजा करून बाकी फी परत मिळायला हवी. मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन भरा, त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या आणि तारीख जपून ठेवा. मुदत उलटून गेल्यावर तोंडी आश्वासनाचा काही उपयोग होत नाही.